एकतीस नंबर

होटगी रोडच्या पत्र्याच्या शेडात
तो एकतीस नंबर होता.
मागचा पाय आखूड, कान कातरलेला.
फॉर्मवर रकाना : प्राण्याचं नाव.
म्हटलं, नंतर भरते.

माझ्या आजोबांचं नाव उकिर्डा.
आधीची तीन पोरं गेली, म्हणून हे असलं,
मरणाला किळस यावी असं.
बाप्तिस्म्याच्या पाण्यातून शांतवन होऊन निघाले,
रजिस्टरात तशी शाई आहे.
तरी मागावर बसले की गल्ली
उकिर्डाच म्हणायची,
आणि ते ओ द्यायचे.
वरून बोलावणं कुठल्या नावानं आलं, कुणास ठाऊक.

आठवडाभर याच्यावर नावं टाकून पाहिली.
मोती. टोबी.
थोमा, कारण हात हुंगल्याशिवाय
विश्वासच ठेवत नव्हता.
शेजारच्या पद्मक्कांनी तेलुगूतलं एक दिलं.
दुधात भिजवलेली कडक भाकरी त्यानं खाल्ली,
नावं तेवढी ताटलीत ठेवली.

आधीचं एखादं असेल.
कुणीतरी मारत असेल त्या नावानं हाक,
मग मारेनासं झालं असेल.

मेमध्ये एका रात्री वीज गेली.
समोरचे यंत्रमाग एकदम गप्प,
इतके, की कानाला लागलं.
सुमंत गेल्यापासून रोज विचारते
तसं खाटेवरून, वर बघत, विचारलं :
आहेस का?

खाली फरशीवर शेपूट आपटलं.
दोनदा.

फॉर्मची प्रत ड्रॉवरमध्ये आहे, रकाना कोरा.
पाळकसाहेब विचारतात, काय नाव ठेवलं?
मी चहा टाकायला उठते.
तोही उठतो.