तीस मिनिटं

वसाहतीत नळ येतो पाचव्या दिवशी.
त्या दुपारी माझी टाकी तुडुंब,
चादरी, गोधड्या, डोकी, सगळं एकदम धुतलेलं.
चौथ्या दिवशी येतं ते
जाड, काळं, कंजूष पाणी.

मी नरसप्पा येलदी, ऑपरेटर.
आधी बावीस वर्षं रंगखात्यात.
लाल, मोरपंखी गटारात सोडायचो
आणि हात धुऊन घरी.
पुढं ते कुठं जातं, कधी विचारलं नाही.

आता सकाळी नऊला
काचेच्या नळकांड्यात एक लिटर घेतो,
घड्याळ लावतो.
तीस मिनिटं हलवायचं नाही.
गाळ खाली बसतो, वर पाणी उजळत जातं.
तोवर मी कडक भाकरी मोडतो शेंगाचटणीशी.
वास?
तो पाहुण्यांना येतो.

रात्री लाईट गेली की ब्लोअर थांबतो
आणि त्या शांततेनं मला जाग येते.
टाकीत कोट्यवधी जीव, डोळ्यांना न दिसणारे,
हवेवाचून तटलेले.
डिझेल संपलेलं. चेअरमनचा फोन बंद.
मी बांबूनं ढवळत बसतो.
इंजिनिअर म्हणतात, यानं काही होत नाही.
नसेल होत.
रंगखात्यातला हात आहे, गप्प बसत नाही.

काल कोडमांची ईश्वरी आली दप्तरासकट.
‘हे पिता येतं?’
नाही.
‘मग साफ कशाला करता?’
मी नळकांडं तिच्या हातात दिलं.
म्हटलं, हलवू नको.

सव्विसाव्या मिनिटाला तिला शिंक आली.

घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावलं.