पायांपासून

नायना, पाय सोडा इकडं, म्हटलं
तर त्यांनी आधी पंचा गुडघ्याखाली ओढला,
मग दोन्ही पाय पोटाशी घेतले.
लेकीनं पायाला हात लावायचा नसतो, म्हणाले
आणि घड्याळाकडं बघितलं,
जसं काही सूत आणायला उशीर होत होता.

सूत आणणं थांबून सहा वर्षं झाली.
माग गेला सरपणाच्या भावानं.
तरी त्यांचा उजवा पाय अजून
झोपेत पावडी दाबतो.

मला शिकवणारी बाई चियांग माईची,
नाव दुआंगजाई.
तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा,
सगळं बोलणं अंगठ्यानं चालायचं.
चुकलं की ती माझ्याच पोटरीत अंगठा रुतवून
दाखवायची : इथं.
इथं नाही.

कामाआधी ती हात जोडायची
कुणा चीवकाला.
मी विचारत गेले तेव्हा कळलं, हा तर जीवक,
राजगृहाचा, बुद्धाची नाडी बघणारा.
इकडून तिकडं तो भिक्खूंच्या झोळीतून गेला
की गलबतातल्या मिरीच्या पोत्यांवर बसून,
नक्की कुणी सांगत नाही.
परत यायला मात्र त्याला
पुण्यातल्या एका स्पाच्या एसीतून यावं लागलं,
जिथं माझ्या छातीवरच्या पट्टीवर
'रोझी' लिहिलं होतं.

अंगात बहात्तर हजार वाटा, तिनं बोटांनी सांगितलं,
कामाला दहा पुरतात.
दहाही बेंबीपाशी उगवतात.
मला हसू आलं.
बाई, माझ्या बापानं जन्मभर ताण्याचे धागे मोजलेत,
तुटलेला त्याला अंधारात सापडतो.

साखर पेठेत मालीश म्हटलं तर कुणी हसत नाही.
मसाज म्हटलं की पानटपरीवर
दोघं-तिघं एकमेकांकडं बघतात.
म्हणून पाटी लावलेली नाही.
ज्यांची कंबर धरते त्यांना घर सापडतं.

पुरचुंडी बांधते :
गवती चहा, कापूर, खडेमीठ, ईडलिंबाची साल.
तिचं ते 'प्लाय' इथं मिळत नाही.
मंगळवार बाजारातल्या मुळीवाल्याला फोटो दाखवला,
तो म्हणाला, आंबेहळद ने की,
दुखणाऱ्याला काय कळतंय.
फडकं आपलंच, रिजेक्ट टॉवेलचं,
त्यावर अर्धाच मोर.

भगुण्यावर वाफ धरता धरता
अम्माला गोष्ट सांगितली :
गुरूनं जीवकाला पाठवलं,
ज्याचं औषध होत नाही असं एक तरी झाड आण म्हणून.
तो रानभर हिंडला
आणि मोकळ्या हातानं परत आला.
अम्मानं सुपातून मान वर केली नाही.
पान कापलं, भरलं, वळलं, नखानं तोंड मिटलं.
मग म्हणाली,
त्यानं तंबाखू बघितली नसेल.

मला उत्तर आलं नाही.
दुआंगजाईला फोन करून विचारावं तर
हे अंगठ्यानं सांगता येणारं नव्हतं.

शेवटी ऊन उतरल्यावर,
पत्रा थंड होताना कडकड वाजतो त्या वेळी,
नायनांनी एक पाय सोडला. एकच.
तळव्यापासून चढत गेले,
घोट्याच्या आतून, नडगीच्या कडेनं,
पुरचुंडी दाबत, थांबत.
पोटरीत एका जागी ते दचकले.
तुटलाय? त्यांनी विचारलं.
नाही, गाठ आहे.
डोळे मिटून घेतले त्यांनी.
सोडायला जाऊ नकोस, म्हणाले,
नुसती चपटी कर.
गाठ सोडली की थान वाया जातं.

मी तसंच केलं. असं
कुणी शिकवलं नव्हतं मला.

दुसरा पाय त्यांनी कधी पसरला ते कळलं नाही.
कळलं तेव्हा वाफ निवत आली होती,
आणि अम्मा सूप बाजूला सारून
उजवा अंगठा पुढं करत होती,
तपकिरी, नखाजवळ चिरलेला :
माझं पायापासून नको,
अजून दोनशे वळायच्यात.
हा एवढा घे.