तीन नंबरचा भोपळा

पावणेदोनला फोन थरथरला तेव्हा मी गच्चीवर होते,
मिरजेत, पौषातल्या थंडीत,
आईची चादर दोरीवरच राहिली होती म्हणून वर आलेली.
पलीकडे किणीकर, तळावरून:
"मॅडम, तीन नंबर पुन्हा भोपळा दाखवतोय."

टाकी काठोकाठ भरलेली.
हायड्रोजन, उणे दोनशे त्रेपन्न,
आणि तळाशी नखाएवढे चार सेन्सर.
त्यांना आयुष्यात एकच प्रश्न: ओलं की कोरडं?
तिघं म्हणतात, ओलं.
तिसरा म्हणतो, कोरडं.
मानपान चुकलेल्या आत्याबाईसारखा, ठाम.

चारही बोलले तरच उड्डाण,
हा नियम सात वर्षांपूर्वी मीच लिहिला.
आज संध्याकाळी बैठकीत तिघांवर भागवायचं ठरत आलंय.
सुट्टीवर असले तरी सही माझीच लागते,
म्हणजे एक 'हो',
रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवर,
चार-दहाच्या आत.

"काल काय केलंत?"
"टाकी रिकामी केली. मग तो सुधारला."
"कशानं?"
"आपोआप, मॅडम."

अप्पांच्या मेटॅडोरचा काटा कायम अर्ध्यावर असायचा.
ते झाकण उघडून वेताची काठी बुडवायचे,
ओल कुठवर आली ते अंगठ्यानं धरून ठेवायचे.
एकदा काठी घरी विसरली.
काटा खोटा आहे हे माहीत असून निघाले,
चाळीस कॅन दूध घेऊन,
आणि अंकलीच्या पुलावर गाडी खोकून बसली.
ढकलायला चार पोरं मिळाली. दूध नासलं.
अप्पा महिनाभर त्यावर हसत होते.

वर ढकलायला पोरं नसतात.
सेन्सर खोटं 'कोरडं' बोलला
तर इंजिन आधीच बंद, दुर्बीण समुद्रात.
खोटं 'ओलं' बोलला तर पंप रिकामा फिरतो,
आणि मग काय कुठे पडलं
हे विचारायलाही काही उरत नाही.
तीन नंबर आज या बाजूनं खोटा आहे.
उरलेले तिघं त्याच खेपेचे,
त्याच बाईनं, त्याच आठवड्यात डाग दिलेले.
ते शहाणे आहेत, की त्यांची पाळी यायची आहे?

खरं सांगते, 'हो' माझ्या जिभेवर आलं होतं.
गणित मीही केलं होतं, तिघं पुरतात.
नऊ वर्षं थांबलेली दुर्बीण,
अठरा दिवसांनी मिटणारी वेळ,
आणि किणीकरच्या आवाजातली ती तिसऱ्या रात्रीची झोप.

खाली गल्लीत दस्तगीरचाचांचा दिवा अजून जळत होता.
सतारीचे भोपळे मांडीवर घेऊन
पेरानं टकटक, कान लावून, पुन्हा टकटक.
मी कठड्यावरून विचारलं, "कसं कळतं, चाचा?"
"आत ओल असली की आवाज बसतो."
"आणि शंका आली तर?"
"तर ऱ्हाऊ दे की आनि सहा म्हैने.
भोपळ्याला कसली घाई? घाई गिऱ्हाइकाला."

सोपं आहे त्यांना.
त्यांचं गिऱ्हाईक पुण्याचा एकच पोरगा,
चिडला तर फोन उचलत नाहीत.

चार वाजून तीन मिनिटांनी मी 'नाही' म्हटलं.
लाइनवर ती बारीक पिपाणी वाजत राहिली.
दूर कुणीतरी खुर्ची सरकवली.
"कारण काय लिहू, मॅडम?"
"माहीत नाही, असं लिहा."
"कारणाच्या रकान्यात?"
"हो. कारणाच्याच."

मग चादर काढायला गेले.
हातात घेतली, गालाला लावली,
घडी घालून पुन्हा उलगडली.
वाळली होती की नुसतीच गार होती,
ओली की कोरडी,
हाताला काही केल्या सांगता येईना.
ती तशीच दोरीवर टाकली
आणि उन्हाची वाट बघत
पाण्याच्या टाकीला टेकून बसले.