खोटा सडा

रात्री साडेअकराला मी परत एकदा
कशेळीचा सडा बनवते.
वर बारा फूट जांभा, त्याखाली ओली शेडी,
त्याखाली काळवत्री, जिचा तळ मला माहीत नाही,
म्हणून तिथे नुसता एक आकडा टाकते.
शेडीच्या पोटात एक पोकळी, पाण्याने भरलेली,
बैलगाडीएवढी.
मग ती कुठे ठेवली ते विसरल्याचं सोंग घेते.

हे माझं काम. आधी आपणच लपवायचं,
मग वरून घणाचा खोटा घाव घालायचा
आणि दोनशे खोटे कान ओळीने लावून
ऐकत बसायचं.
लाट खाली जाते, शेडीत मंदावते,
कातळावर आपटून वर येते.
कोणाला काही लागत नाही. खिडकीबाहेर मिरकरवाड्यात
नांगरलेला एक ट्रॉलरसुद्धा कूस बदलत नाही.

पडद्यावर दोनशे रेघा थरथरतात.
आता रेघांवरून उलट जायचं:
एक जमीन अंदाजाने धरायची, तिच्यातून लाटा सोडायच्या,
फरक बघायचा, जमीन जराशी दुरुस्त करायची.
पुन्हा लाटा, पुन्हा फरक.
चाळीस वेळा. तीनशे वेळा.
मध्ये लाईट गेली तर पहिल्यापासून.

नफीसा सोलकर शेजारच्या टेबलावरून म्हणते,
"तुझी सुरुवातच चुकलीय. एक लाट मागे पडलीयस."
ती राजिवड्याची. तिचे अब्बा होडी खाडीत घेताना
तोंडाशी थांबून लाटा मोजत;
सातवी समजून सहावी धरली की होडी वाळूवर.
इथे तर कळतही नाही. सहावीशी सातवी जुळते,
छान जुळते, फरक कमी कमी होत जातो
आणि जमीन अधिकाधिक खोटी.

माझे बाबा, धाकू गोताड, बावी खणायचे.
पहारीचं एक टोक कातळावर टेकवून
दुसरं दाढेखाली धरत.
मी दहा पावलांवर. आठ वर्षांची, घण उचलत नसे,
म्हणून हातात वरवंटा.
ते डोळे मिटून बोट हलवत: परत.
मी परत.
भरीव. भरीव. भरीव.
मग पहार तोंडातून काढून, "हां."
त्या "हां"त किती फूट, किती वेग,
ते त्यांनी कुठे लिहिलं नाही. लिहिता येत नव्हतं.

खऱ्या कशेळीत, शाळेच्या मागे, त्यांची एक बाव आहे,
त्रेचाळीस फूट, कोरडी.
ग्रामपंचायतीने पैसे थांबवले त्या दिवशी
दोरावरून वर येऊन म्हणाले,
"पानी दोन हात उगवतीला गेला."
लोक हसले. अजूनही पत्ता सांगताना
"धाकूच्या दोन हाताजवळ" म्हणतात.
आत आता काजूची बोंडं कुजतात.

माझ्या अहवालात हे नाही, की पोकळी
मी दर वेळी तिथेच ठेवते.

पहाटे तीनला चित्र येतं.
जांभा बरा. शेडी पुसट,
ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी.
पोकळी आहे, पण वाकड्या मिशीसारखी,
आणि दीड हात मावळतीला सरकलेली.
आणि तिच्याखाली, एकसष्ट फुटांवर,
आणखी एक. बारीक.
ती मी ठेवली नव्हती.

"काठावरून परतलेली लाट," नफीसा डबा बंद करत म्हणते.
"पुसून टाक."
तसंच असणार. मी न घातलेलं पाणी
माझ्या जमिनीत येणार कुठून?

सहाला बाबांना फोन करते. डावा कान गेलाय,
मोठ्याने सांगावं लागतं: एकसष्ट फूट.
"ठोकून बघितलंस?"
ठोकलं बाबा. पण खोटं.
पलीकडे कोंबडा, खाकरणं.
"खोटा कशाला गो? पहार पडवीतच हाय."

मी दाढेवरून जीभ फिरवते.
यंत्र तीनशे एकावर आहे.