समोरची नळी

यंत्रात नळी कधी एकटी ठेवायची नसते.
एक ठेवली की तिच्या बरोबर समोर दुसरी,
तेवढ्याच वजनाची,
नाहीतर सगळं टेबल थरथरतं
आणि खालचा सेव-उसळवाला वर बघून ओरडतो,
"ओ बेन, शुं चाले छे?"

दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
एकोणीस वर्षं मी हेच करते.
जोड्या लावते.

आज सकाळी ४११७.
बावीस वर्षांची, हनुवटीवर थ्रेडिंगचे ताजे लाल ठिपके,
बाजूला आई, पर्स घट्ट धरून.
"पाळीचा दुसरा दिवस ना?"
ती हसली. "दुसरा कुठला, मावशी,
पहिलाच जूनमध्ये येऊन गेला."
मग म्हणाली, नवरात्रात मैत्रिणी
पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात,
नऊच्या नऊ रात्री गरबा.
"माझा तेवढा खर्च वाचतो."
आईला हसू आलं नाही.

मग ४११८. अडतीस.
बाही स्वतःच वर केली, शीर स्वतःच दाखवली,
"डावी नको, ती पळते."
तारीख, वार, किती वाजता सुरू झाली,
सगळं पाठ.

दोघींना समोरासमोर बसवलं,
झाकण लावलं. दहा मिनिटं.
रक्त खाली बसलं, वर उरलं
वरणाच्या निवळीसारखं पिवळं पाणी.
चिठ्ठ्या काढल्या तर मलाही सांगता येणार नाही
कुठलं कुणाचं.

आकडे संध्याकाळी आले.
एएमएच: एकीचा साडेनऊ,
दुसरीचा शून्य पॉइंट चार.
एकीचा एलएच, एफएसएचच्या अडीचपट.
दुसरीचा एफएसएच सोळा,
आतून कुणी हाका मारून मारून
घसा बसवून घेतल्यासारखा.

४११७ची आई आली. चष्मा लावून वाचलं.
"साडेनऊ! वर लिहिलंय त्यापेक्षा जास्त आहे,
म्हणजे चांगलंच ना?"
मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा.
मला तेवढंच म्हणता येतं.
तो साठा नाही हो, गर्दी आहे,
बारीक बारीक दाणे दाराशी येऊन थांबलेत,
आधी तू, नाही आधी तू,
आणि उंबरा कुणीच ओलांडत नाही,
हे मी जिन्यात तिच्या चपलांचा आवाज
संपल्यावर म्हटलं.

४११८ एकटीच आली.
उभ्या उभ्या वाचलं.
तिचं अंगण रोज झाडलेलं, दिवा वेळेवर,
येणारेच मोजके उरलेले.
"दशांश चिन्ह बरोबर ठिकाणी आहे ना?"
मी पुन्हा पडताळलं,
दोनदा पडताळलेलं होतं तरी.
बरोबर होतं.
तिने कागदाची घडी घातली, मग आणखी एक,
मग आणखी एक,
तिकिटाएवढी होईपर्यंत.

एकीतलं दुसरीत ओतता येत नाही,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
तरी रोज वाटतं.

आठ वाजता एकच नळी राहिली,
कुणाची तरी, उशिरा आलेली.
समोर ठेवायला जोड नाही.
अशा वेळी रिकामी नळी घ्यायची,
पाणी भरायचं, वजन जुळवायचं.
मी नळाखाली धरली.

सत्तेचाळीस.
मार्चपासून माझी आलेली नाही.
माझं रक्त मी अजून लावलेलं नाही.

पाणी समोर ठेवलं, झाकण लावलं.
यंत्र थरथरलं नाही.
खालून कुणी ओरडलं नाही.