दुसऱ्या पेरापर्यंत

ॲक्रनमध्ये, टायरच्या गावात,
रबराचं झाड घ्यायला गेले
ते भर जानेवारीत, गाडीचा हीटर चालू ठेवून.

नर्सरीवाली मिसेस कोवाच म्हणाली,
सगळ्यात उंच घेऊ नकोस,
उंचाला सगळेच भुलतात.
पान उलटं कर, पोटाशी बघ,
देठाच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखं दिसलं
तर हात धू आणि पुढचं बघ.
कुंडीच्या भोकातून मुळं लोंबत असतील
तर त्याला घर कधीच लहान झालंय.
आणि शेंड्याला लाल टोपण असलेलं घे,
मिटल्या छत्रीसारखं.
म्हणजे त्याच्या मनात अजून काहीतरी आहे.

मी मधलं घेतलं.
खालचं एक पान फाटकं, म्हणून दोन डॉलर कमी.
अंगातला कोट काढून त्याला गुंडाळला,
गाडी वीस पावलांवर होती
आणि वीस पावलं पुष्कळ असतात.

पूर्वेची खिडकी दिली. तरी आठवड्यात तीन पानं गेली.
गरम हवेची जाळी बरोबर त्याच्या पायाशी होती,
हे मला कळलं नाही, दादांना कळलं.

दादा, म्हणजे माझे वडील.
मिरजेच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं टायर सेक्शनला.
नोव्हेंबरात आले सहा महिन्यांसाठी,
आणि बाहेर असा बर्फ की दारातल्या पायरीचीसुद्धा भीती.
त्यांनी कुंडी दोन हात सरकवली
आणि झाडाचा ताबा घेतला.
रोज सकाळी सहाला तांब्याभर पाणी.
"तहानलंय ते."

पानं पिवळी पडायला लागली.
मी चार दिवस गप्प.
ज्यांच्याकडे दिवसभर करायला एवढं एकच काम आहे
त्यांना ते करू नका कसं सांगायचं?

पाचव्या दिवशी त्यांचं बोट धरलं
आणि मातीत घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत.
ओल लागते?
लागते.
मग आज नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
हा माणूस टायरवर हातोडी मारून
नुसत्या आवाजावरून हवा सांगायचा.
"असं होय," म्हणाले, "मग आधी का नाही बोललीस?"
त्यानंतर तांब्या कधी नऊ दिवसांनी हलायचा,
कधी अकरा.
बोट मात्र रोज.

रविवारी पानं पुसायची.
त्यांचं जुनं बनियन, कोमट पाणी,
पानाखाली डावा तळहात, वरून उजवा,
घाई नाही. पान झालं की कुंडी पाव फेरा फिरवायची,
नाहीतर सगळं अंग उजेडाकडेच झुकतं.
पुसलेल्या पानात खिडकी दिसायची,
खिडकीत बंद कारखान्याची चिमणी, एवढीशी.

मार्चमध्ये शेंडा खुडला, फांद्या फुटाव्यात म्हणून.
पांढरा चीक टपकन त्यांच्या अंगठ्यावर.
मी ओरडले, डोळ्यांना लावू नका.
ते ऐकत नव्हते. दोन बोटांत चोळत होते,
चोळून घट्ट झाल्यावर ताणत होते.
तार आली. लांबली. तुटली.
"ह्याचा टायर व्हायचा नाही."
पुन्हा वास घेतला.
"उंबराच्या भावकीतलं आहे गं हे."
आणि हसले, विमानतळावर उतरल्यापासून पहिल्यांदा,
दातांची कवळी हातात धरावी लागेल इतके.

ते गेल्यावर
खुडल्या जागेखाली दोन लाल टोकं आली.
एकाचं टोपण काल गालिच्यावर पडलेलं सापडलं,
मिरचीच्या सालासारखं कोरडं.

फोनवर ते माझी तब्येत विचारत नाहीत.
"बोट घातलंस का?"
मी हो म्हणते.
मग फोन ठेवून घालते.