नांगर

फोनवर बाई म्हणाल्या, एक नांगर करून पाहिजे.
मी विचारलं, पलटी की साधा? ट्रॅक्टर किती एचपीचा?
त्या हसल्या. म्हणाल्या,
बोटीचा.

अंबडला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत माझी शेड.
बावीस वर्षं मी निफाड-पिंपळगावच्या मातीसाठी फाळ घडवतोय.
आमची नदी तर डोंगरापलीकडच्या समुद्राकडे पाठ करून
सरळ पूर्वेला निघून जाते.
तिच्या काठचा मी. बोट कुठे, कशी थांबते,
मला काय माहीत.

कर्डकबाई नोटप्रेसमधून निवृत्त.
चोवीस फुटी शिडाची बोट, दाभोळच्या खाडीत ठेवलेली,
स्वतःच्या फंडातून घेतलेली. हे त्यांनी दोनदा सांगितलं.
पिशवीतून वही काढली.

वहीत गावं कमी होती, तळ जास्त.
‘काळा चिखल. धरतो.’
‘वर वाळू, खाली कातळ. नांगर नुसता वाजतो.’
‘मुखाशी जाळ्यांचे खुंट, अंधारात शिरू नये.’
‘दुपारी वायव्येचा वारा. टेकडीआड तीन वाव पाणी,
पण लाट वळसा घालून येते, रात्रभर भांडी खडखडली.
होडीवरच्या मुलीने बांगडे दिले, पैसे घेतले नाहीत.’
एका पानावर एवढंच:
‘सुंदर. पुन्हा नको.’

मी विचारलं, झोपेत बोट सरकली तर कळणार कसं?
म्हणाल्या, किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा एखादा माड
एका रेषेत धरून ठेवायचा.
रात्री उठून बघायचं.
दोघांत फट पडली की समजायचं, आपण निघालो.

त्या रात्री घरी जाताना मी उगाच
पाण्याची टाकी आणि मोबाइलचा टॉवर जुळवून पाहिला.

दोन नांगर वाया गेले.
माझ्या फाळांना मी जन्मभर एकच शिकवलेलं,
मातीत शिर, पण थांबू नकोस.
आता शिकवायचं होतं, शीर आणि थांब.
सगळा खेळ कोनाचा. दांड्याशी दोन बोटं इकडे-तिकडे.
तिसरा भरला चौदा किलो.

पौषात गंगापूर धरणावर नेला.
अंजनेरी अजून धुक्यातच होती.
होडी लहानू बेंडकोळीची, मासे धरायची,
तो बाईंकडे बघत नव्हता, नांगराकडे बघत होता.
खोलीच्या पाचपट दोर, बाई म्हणाल्या, कंजुषी नको.
पहिल्यांदा घसरला. वर आला तो बाभळीचं कुजकं मूळ घेऊन.
दुसऱ्यांदा दोर ताठ झाला,
माझ्या तळहातात एक हिसका बसला,
आणि होडी हळूच फिरून
वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली,
दाव्याला बांधलेल्या गाईसारखी.

कुणी काही बोललं नाही.
मग लहानूने बिडी पेटवली, म्हणाला,
खाली आमच्या आज्याचं वावर होतं.
धरणारच.

बाईंनी वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं, ते दाखवलं नाही.
पैसे रोख दिले, नव्या करकरीत नोटा,
मी म्हटलं, तुमच्याच हातच्या का?
तेव्हा मात्र हसल्या नाहीत.

फाल्गुनात एसटीच्या पार्सलात कॉफीचा डबा आला.
आत ओला चिखल. काळा, खारट वासाचा,
एक फुटका शिंपला.
सोबत चिठ्ठी:
‘या खाडीला नकाशात नाव नाही. आठ तास.’

डबा वेल्डिंगच्या कांड्यांशेजारी ठेवलाय.
चिखल वाळला, कडेने सुटला, भेगाळला.
गिऱ्हाइकं विचारतात, कुठली माती ही? काय पिकतं हिच्यात?
मी सांगतो, काही नाही पिकत.
इथे एक बाई रात्रभर
न उठता झोपल्या.